पारखी बाबाजी

माणूस नव्या जागी राहायला आला की आधी आपली खोली बघतो, खाट दाबून बघतो. पारखी बाबाजी बेसा गावातल्या आमच्या वृद्धनिवासात आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले. सदऱ्याची बाही पार खांद्यापर्यंत सरकवली, तांदळाच्या टाकीत हात खुपसला आणि तळातली मूठ खिडकीच्या उजेडात धरली. मला म्हणाले, "वरचा माल सारेच चांगला ठेवतेत, बाई. बुडाचा पाहा लागते." बुडाच्या तांदळात दोन सोंडे किडे निघाले. प्रसाद द्यावा तसे ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. मी त्या निवासाची व्यवस्थापक. हातात दोन सोंडे घेऊन कोणता तोरा मिरवणार?

त्यांचं उभं आयुष्य कळमना मार्केटात एका धान्याच्या अडत्याकडे गेलेलं. शेतकऱ्याचं पोतं आलं की आत हात घालून माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे पोती नव्हती, म्हणून त्यांनी अख्खा निवासच पारखायला घेतला. चादर उचलून गादी बघायचे. औषधाच्या डबीवरची तारीख भिंग लावून वाचायचे. ओल्या चपलांनी मुद्दाम पायऱ्या उतरायचे. मी ओरडले, "बाबाजी, पडाल ना!" तर म्हणाले, "मी पडलो तं तुले आजच समजन. दुसरं कोणी पडलं तं उशिरा समजन." असलं बोलणं खरं असतं, म्हणून राग जास्त येतो.

आता माझंही सांगते. मला फायलींचं वेड. आगीच्या बंदोबस्ताची फाईल लाल, औषधांची हिरवी, पाण्याच्या तपासणीची निळी. न्हाणीघरांत आधाराला स्टीलचे दांडे बसवले, तेव्हा मी त्यांचे फोटो फाईलला लावले आणि दांड्यांवरचं प्लास्टिक तसंच राहू दिलं. पुढे पाहणी समिती येणार होती, तोवर ते नवेकोरे दिसायला नकोत? नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन-दोन वर्षं न काढणाऱ्यांच्या जातीची मी. पण साबणाच्या हाताने दांडा धरला की हात सर्रकन सुटायचा. एका सकाळी बाबाजी आंघोळ अर्धी टाकून, कमरेला टॉवेल गुंडाळून माझ्या ऑफिसच्या दारात उभे! "काहून वं बाई, दांडा नवरदेव हाये का? नटवून काहून ठेवला?" तासाभरात निवासातली सगळी म्हातारी मंडळी न्हाणीघरांत शिरून नखांनी प्लास्टिक सोलत होती. हुरड्याला जमल्यासारखा नुसता कल्ला चालला होता, आणि सगळ्यात जास्त मीच हसत होते.

या खटाटोपामागचं कारण मला पुढे कळलं. आमच्याकडे तेव्हा फक्त हिंडत्याफिरत्या माणसांनाच प्रवेश होता. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मागच्या बाजूला चार खोल्या बांधून तयार होत्या, पण समितीच्या मंजुरीशिवाय त्या उघडता येत नव्हत्या. बाबाजींची बायको शांताबाई पक्षाघाताने आडवी होऊन मौद्याला लेकीकडे होती. लेक-जावई दिवसभर कामावर, घर दोन खोल्यांचं. जावयाला आपली अडचण नको म्हणून बाबाजी इकडे आले. दर रविवारी बसने मौद्याला जायचे, बायकोची वेणी घालून द्यायचे आणि परतायचे. "मले वेणी घालता येते हे कोणाले सांगू नको," असं त्यांनी मला बजावलं. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं.

मंजुरी मिळाली की पहिली खोली शांताबाईंची, असा शब्द मी त्यांना दिला होता.

समितीच्या बाई आल्या त्या दिवशी आम्ही झाडून सगळे पुढच्या हॉलमध्ये उभे होतो. फुलं, श्रीफळ, रांगोळी, सगळं यथासांग. माझ्या फायली बघून बाई खूश दिसत होत्या. पेन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात बाबाजी पुढे झाले आणि त्यांना मागच्या पहिल्या खोलीत घेऊन गेले. मी मागोमाग धावले. बाबाजी खाटेवर आडवे झाले आणि उशाशी असलेलं घंटेचं बटण दाबलं. घंटा वाजायची माझ्या ऑफिसात, आणि ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. बाबाजींनी पुन्हा दाबलं. पुन्हा कोणी नाही. "असंच जेवणाच्या वेळीही होते, मॅडम," ते पडल्या पडल्या म्हणाले. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं, आणि तीनही वेळा मी "बघू" म्हणाले होते. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. दुरुस्ती करा, मग पुन्हा बोलवा, असं सांगून त्या गेल्या.

मी दोन दिवस बाबाजींशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच ऑफिसात येऊन बसले. मी फटकन म्हणाले, "तुमच्याच बायकोची खोली होती ती! गप्प राहिला असता तर याच आठवड्यात आली असती."

"म्हणूनच तं बोललो ना," बाबाजी म्हणाले. "तिले हात हलवता येते, हाक मारता येत नाही नीट. तिनं बटण दाबलं अन् कोणी आलंच नाही, तं थे काय करन? मीच तिले इथं आणून टाकू का?" इतके महिने मी या माणसाला खोडसाळ समजत होते, याची मला लाज वाटली.

मग मी फायली बाजूला सारल्या. घंटा स्वयंपाकघरात, जिन्यात आणि व्हरांड्यात वाजायला लागली. मागच्या खोल्यांपाशी एक माणूस कायमचा नेमला, मग पुढे कोणीही पाहुणा येवो. बाबाजी कधी ऐन जेवणात, कधी मालिका रंगात आली असताना जाऊन बटण दाबायचे, आणि आम्ही त्यांच्या नावाने खडे फोडत पळायचो. महिन्याभराने समितीच्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी स्वतःच खाटेवर पडून बटण दाबलं, आणि त्याच दिवशी सही केली.

शांताबाई आल्या. खाटेवर टेकवल्या टेकवल्या त्यांनी बटण दाबलं. आम्ही पाच जण धावलो, स्वयंपाकीणबाई तर लाटण्यासकट. शांताबाई वाकड्या झालेल्या तोंडाने हसल्या आणि अडखळत म्हणाल्या, "काही नाही. पाहून राहिली." बाबाजी दारात उभे होते. इतका आनंदी माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. त्यानंतर रोज सकाळी खोलीचं दार सताड उघडं ठेवून ते वेणी घालायचे. आता लपवायचं कशाला?

दीड वर्ष दोघं सोबत राहिली. गेल्या उन्हाळ्यात बाबाजी गेले, दुपारच्या झोपेतच. तेरावं आटोपल्यावर लेक आईला न्यायला आली. आता तिचं घर मोठं झालं होतं, दिवसभराची बाईही ठेवली होती. तिने मनापासून आग्रह केला. शांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "तुयं घर चांगलंच हाये, पोरी. पण हे घर त्यायनं माह्यासाठी पाहून ठेवलं. मले इथं भेव वाटत नाही."