कोऱ्या कागदावरचे पत्र

केशवराव गुरुजींची आणि माझी पहिली भेट अमरावतीत, त्यांच्या अंधांच्या वर्गात झाली. देवीच्या आजारात माझी दृष्टी गेली, त्यानंतर तीन वर्षे मी दर्यापूरला घरीच बसून होते. वडिलांनी मला वर्गात आणले आणि विचारले, "गुरुजी, इचं काई होईन काय?" गुरुजी स्वतः अंध. वडिलांना उत्तर न देता त्यांनी मलाच विचारले, "तुले काय शिकाचं आहे?" तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्यांनी मला ब्रेल शिकवली, मग मराठी टंकलेखन. शिस्त कडक, चुकलेली ओळ दहादा करून घेत. मात्र वर्गाच्या वसतिगृहातील सर्वांची जेवणे झाल्याचे कळल्याशिवाय स्वतः पानावर बसत नसत.

पुढे अकोल्याच्या एका कचेरीत टंकलेखकाची जागा निघाली. आम्ही दोघे एस.टी.ने गेलो. साहेबांनी पत्र सांगितले, मी टंकले. कागद काढून ते म्हणाले, "बाई, हा तर कोराच आहे." कारकून हसले.

गुरुजींनी तो कागद मागून घेतला, उलटा केला आणि त्यावरून बोट फिरवले. "कोरा नाई, साहेब. अक्षरं उमटली आहेत, शाई तेवढी लागली नाई. खिडकीपाशी तिरपा धरून पाहा."

आधी कोणीतरी त्या यंत्रावर प्रती काढण्यासाठी स्टेन्सिल कापली होती आणि त्यासाठी शाईची रिबन बाजूला करणारा खटका तसाच राहिला होता. साहेबांनी खिडकीत उभे राहून सगळे पत्र वाचले. एक अनुस्वार तेवढा सुटला होता.

कचेरीला दोष देणे सोपे होते. गुरुजी म्हणाले, "खटका आधी तपासाचा, हे मी इले शिकवलं नाई. चूक माही आहे. आणखी एक पत्र सांगा." दुसरे पत्र स्वच्छ उमटले. परतीच्या गाडीत मला रडू आवरेना. "काहून रडून राहिली? काम तर चांगलं झालं!" एवढेच ते बोलले. आठ दिवसांनी नेमणूक झाली. वर्गात मात्र दुसऱ्याच दिवसापासून टंकलेखनाचा पहिला धडा खटक्याचा झाला.

यंदा गुरुजींच्या साठीनिमित्त आम्ही सत्काराचा विषय काढला, तेव्हा ते रागावले. "हारतुरे मले कशाले? वर्गाले एक टाइपरायटर द्या." आम्ही विद्यार्थ्यांनी तो आणला आहे.

गुरुजी, आपणांस उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. यात आमचा स्वार्थ आहे: त्या यंत्रावर शिकायला नव्या मुली येऊन बसल्या आहेत.