शिबिरवाले काका आणि आईबापांचा टेंपो

अन्याय माझ्यावर झाला. सत्त्याण्णव साली, मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, ऐन जेवणाच्या आधी, गारगोटीजवळ वेदगंगेच्या मधोमध. करणारे परके नव्हते. टेंपो भरून आलेले आमच्याच गल्लीतले आईबाप होते, आणि पुढच्या सीटवर माझी आई होती. पण माझ्याहून मोठा अन्याय झाला तो शिबिरवाल्या काकांवर, आणि त्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. पोरांवर एवढा आंधळा विश्वास आणि त्यांच्या आईबापांवर एवढा डोळस अविश्वास असलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही.

काका म्हणजे वडिलांचे फाउंड्रीतले दोस्त. आयुष्यभर यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं ते कानात एखादं गुपित सांगायचे ते समोरच्या गल्लीत ऐकू जायचं. लग्न केलं नव्हतं. गळ्यात कायम शिट्टी. वरातीत, मयतीला, दवाखान्यातसुद्धा. माणसाची पारख करायची त्यांची कसोटी एकच. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाचा पगार, शेती, घराणं सगळं विचारून झाल्यावर कोपऱ्यातनं काका गरजले, "ते ऱ्हाऊ द्या पावणं, पवायला येतंय का?" मुलगा नाही म्हणाला. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि उठून गेले. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, पण काका अजून त्या जावयाला "ते कोरडं पावणं" म्हणतात.

त्यांचं ठाम मत होतं की जे पोरगं सात दिवस आईबापांवाचून नदीकाठी राहिलं नाही ते कच्चं राहिलं. पोरगं म्हणजे पोरगीसुद्धा. त्या काळी आमच्या गल्लीत पोरींनी नदीवर जायचं ते धुणं घेऊन. काका घरोघर फिरले, प्रत्येक दारात ओरडले, आणि शेवटी लोकांनी पोरं दिली ती पटलं म्हणून नव्हे, कान वाचावेत म्हणून. आई मात्र शेवटपर्यंत "बघू" म्हणत होती. मी एका रात्रीसाठीसुद्धा तिला सोडून कुठं राहिले नव्हते. आदल्या रात्री ती कशीबशी हो म्हणाली.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडावर काकांनी प्रत्येकाची पिशवी उलटी केली. लाडू, चिवडा, शंकरपाळ्या, एकाच्या उशीच्या अभ्र्यात लपवलेली भडंगाची पुडी. सगळं त्यांनी कंडक्टर आणि गाडीतल्या उतारूंना वाटून टाकलं. आया हळहळल्या, तशी शिट्टी वाजली. "वैनी, पोरं सासरी न्हाई चालली! सात दिस हिकडं तोंड दावायचं न्हाई कुणी. सांगून ठेवतोय की."

नदीकाठच्या एका शाळेच्या व्हरांड्यात आमचा मुक्काम. स्वयंपाक काकांचा, म्हणजे आमटी आणि भात. सकाळी आमटी, संध्याकाळी तीच आमटी, अनुभवानं शहाणी झालेली. शिबिरात "आमच्या घरी" हे दोन शब्द बोलायची बंदी होती. बोलेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळे अडकलो. दुसऱ्या दिवसापासून एकटे काकाच अडकायला लागले, कारण त्यांची प्रत्येक गोष्ट "आमच्या घरी लहानपणी" अशीच सुरू व्हायची. नदीवर बसून राखेनं पातेली घासत ते ओरडायचे, "नियम म्हंजे नियम!" आणि आम्ही काठावर लोळून हसायचो. कुणाची पोरं कुणाची भांडी घासतात, कुण्या जातीचं पोर कुणाच्या ताटातलं उचलतं, हे प्रश्न तिथं कुणाला सुचलेच नाहीत. सगळ्यांची भांडी काकाच घासत होते ना!

पोहायला शिकवायची रीत जुनीच. तेलाचा रिकामा डबा, झाकण डाख देऊन बंद केलेला, पाठीवर बांधायचा आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात उतरायचं. डबे काकांनी स्वतः बनवलेले. त्यांनी माझ्या पाठीवर पहिल्यांदा डबा बांधला तेव्हा म्हणाले, "ही तुझी आई. बुडू देत न्हाई. पर ध्यानात ठेव, लांब जाऊबी देत न्हाई." त्यानंतर सगळी पोरं डब्याला आईच म्हणायला लागली. "काका, माझी आई सैल झालीया!" "काका, ह्याच्या आईला भोक पडलंय!"

रविवारी डब्यावाचून पोहायची माझी पाळी होती. काकांनी डबा सोडला, काठावर ठेवला, पलीकडच्या करंजाच्या झाडाकडं बोट केलं. "त्या झाडाला हात लावून ये. मी बाजूलाच हाय." मी निघाले. पोट आत ओढलेलं, डोळे झाडावर, आणि पाठ इतकी हलकी की हसू येत होतं. निम्मं पात्र मागं पडलं. आणि टेंपोचा हॉर्न वाजला.

काय झालं होतं, तर गारगोटीहून आलेल्या कुणीतरी गल्लीत सांगितलं होतं की पोरं नुसत्या आमटीवर आहेत. बास! कोल्हापूरच्या माणसाला महापूर सोसेल, पण रविवारी पोरांच्या ताटात मटण नाही हे सोसणार नाही. वर्गणी निघाली, टेंपो ठरला, तांबड्या-पांढऱ्या रश्शाची पातेली चढली आणि अख्खी गल्ली वेदगंगेवर उतरली. आईनं काठावरचा डबा बघितला, मग पाण्यातली मी.

"अगं बया! बुडतीया की गं माझी पोरगी!"

"मागं बघू न्हको!" बाजूला काका ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कमी पडला. मी मागं बघितलं. वळले. आणि चांगली पोहत पोहत आईपर्यंत गेले. तिनं आधी पाठीत एक धपाटा घातला, मग मिठी मारली, मग रश्शाची वाटी हातात दिली.

पुढं जे झालं त्याला मी अन्याय म्हणते खरी, पण त्या दुपारी मजा आली हेही खरं. बाप लोकांनी पाणी बघितलं आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांवर धडाधड उड्या टाकल्या. जेवायला बोलावलं तर बाहेर येईनात. काका बाजूला बसले होते. आईनं त्यांना वाढलं, "जेवा भावजी." त्यांनी रस्सा ओरपला. मग म्हणाले, "वैनी, रस्सा झ्याक झालाय. शिबिर न्हाई झालं."

पुढच्या वर्षी टेंपो तिसऱ्या दिवशी आला. त्याच्या पुढच्या वर्षी आईबाप आमच्याच एसटीत बसले. मग काकांनी शिबिर बंद केलं. पोहायला मला उत्तम येतं. पण सात दिवस आमचे आमचे राहिलो असं एकही वर्ष झालं नाही.

परवा काकांकडं गेले होते. गुडघे गेलेत, आवाज तसाच आहे. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही आईवर ओरडला कसे नाहीत? पहिल्यांदाच ते हळू बोलले. "काय बोलणार? तिनं पाच दिस धीर धरला हुता गं. जल्मात पयल्यांदा. आनी दोनच दिस धरायचा हुता."

येत्या मे महिन्यात मी त्याच काठावर पोरं घेऊन जाणार आहे. माझी मागणी एकच आहे, आणि ती तुमच्याकडं आहे. पोर द्या. गाडी हलली की घरी जा. जीव कासावीस होईल, होऊ द्या. पण रविवारी नदीवर येऊ नका.