बेडूकमाशाचं भोक, डावं की उजवं?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जमणार न्हाई. निजामाच्या राज्यात मी हिंगोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, तेव्हाची माझी ही करणी.

कयाधू नदीकाठच्या डबक्यातून बेडकाची अंडी आणून मी घरी काचेच्या बरणीत वाढवली. अंड्यातून निघालेल्या शेपटीवाल्या पिल्लाला, म्हणजे बेडूकमाशाला, श्वासाचं पाणी बाहेर सोडायला एकच भोक असतं, तेही डाव्या अंगाला. आता सांगा, गोल गरगरीत अंडं! त्याला डावं-उजवं शिकवतं कोण? या कोड्यानं मला पुरतं झपाटलं.

आणि एके दिवशी बघतो तर काय? आमच्या साऱ्या बेडूकमाशांना भोक उजवीकडं! शोध लागला हो, शोध!

माझ्या नोंदींच्या वहीत बेडूकमाशांची चित्रं माझी बायको सुभद्रा पेन्सिलीनं काढायची. पुसेगावच्या शेतकऱ्याची लेक, शिक्षण चौथीपर्यंत. पण रेघ अशी, की बघत राहावं. तिनं मात्र सगळीकडं भोक डावीकडं काढलेलं.

"काहून चुकवून राहिलीस?" मी ओरडलो.

"अहो, तुमी त्याला उताणं ठेवून बघून राहिले. पालथं करा की!"

"आता तू शास्त्र शिकवणार मला?"

आणि तिचं एकेक भोक लाल शाईनं खोडून मी उजवीकडं काढलं! ती उठून गेली.

वही आणि बरणी घेऊन हैदराबाद गाठलं. तिथल्या कॉलेजातल्या प्रोफेसरांकडं प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती. त्यांनी एक बेडूकमासा बशीत घेतला, बोटानं पालथा केला. भोक डावीकडं!

ते वहीवर वाकले. "खालची पेन्सिलीची चित्रं मात्र अगदी बरोबर आहेत. कुणी काढली? असा माणूस मला हवाय."

सुभद्रेचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. "मीच, साहेब."

"मग लाल शाईनं बिघडवली कुणी?"

"...मीच."

साहेबांनी वही मिटली. "म्हणजे खरं काय ते तुम्हाला दिसत होतं. नाव व्हावं म्हणून बदललंत."

बघा! खरं बोललो असतो तर नुसता मूर्ख ठरलो असतो.

घरी सुभद्रा दारातच उभी. "काय म्हणले साहेब? चित्रं पाहिली?"

"पाहिली. चित्रांपायीच काम हुकलं."

तिनं पेन्सिल चुलीत घातली. शाळेचे तक्तेही आजवर तीच काढून द्यायची, त्यानंतर ते मलाच काढावे लागले. एकदा बेडूक काढला, तर पोरं विचारतात कशी, "गुर्जी, ही म्हैस व्हय का?"