कोहळ्याच्या केकची सातवी ओळ

हे मी माझ्या नवऱ्याजवळही बोलले नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. ही एक मात्र – कशी दाखवणार?

आधी कृती सांगते. ती समजल्याशिवाय माझा दोष समजणार नाही. किसलेलं कोहळं, म्हणजे तांबडा भोपळा, कणीक, गूळ, दही, तेल, दालचिनी, लवंग, जायफळ, वरून अक्रोड. सोडा शेवटी. सोडा दह्यात मिसळला की मिश्रण फुगू लागतं, आणि त्याच क्षणी भांडं ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. थांबलात, तर फुगवटा विरतो आणि केक दडस होतो. एवढंच शास्त्र.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास आम्ही जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी आई करडी गावाहून बसने आली, मांडीवर कोहळं घेऊन. त्याचा केक मी हळदीकुंकवाला ठेवला. शेजारच्या कुमुदताईंनी एक घास घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कोहळ्याचा केक? आमच्या घरी कोहळं म्हशीले घालतेत, बाई." बायका हसल्या. आईही हसली – पदर तोंडाला लावून. त्यानंतर ती माझ्याकडे रिकाम्या हाताने यायची.

तुम्ही विसरला असता? मी विसरले नाही.

दोन वर्षांनी कुमुदताईंच्या मुलीला, सविताला, पाहायला तुमसरचे राइस मिलवाले येणार होते. काहीतरी वेगळं करायचं म्हणून कृती मागायला सविताच आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी – नीटनेटकी, माझ्या शब्दाबाहेर न जाणारी. मी आखीव कागद घेतला. सहा ओळी बरोबर लिहिल्या. सातवी लिहिली: "सोडा घातल्यावर मिश्रण दोन तास झाकून ठेवावे."

खाडाखोड झाली का? नाही. अक्षर सुरेख आलं होतं.

इडलीचं पीठ ठेवतात तसं तिने ते ठेवलं. पाहुण्यांपुढे जे आलं त्यात सुरी शिरेना. मुलाची आत्या म्हणाली, "आमच्या मिलमध्ये आणा, भरडून देतो." ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या क्वार्टरांत पोचलं. मला कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. त्या दिवशी पोळ्या फार छान फुगल्या – मला आठवतं. आठवड्याने नकार आला. केकमुळेच आला असं मी म्हणणार नाही. आणि नाही असंही म्हणणार नाही.

कुमुदताईंचं तोंड उतरलेलं पाहिलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. इथवर असतं, तर मी हे लिहिलंच नसतं.

पण दुसऱ्या दिवशी सविता तो कागद घेऊन आली. आमच्या वर्गात एक रीत होती, मीच घातलेली: आपली चूक शोधायची आणि समासात स्वतःच्या हाताने लिहायची. तिने माझ्याच टेबलावरची पेन्सिल उचलली.

"बाई, माह्यं कुठं चुकलं?"

सातवी ओळ तिच्या बोटाखाली होती. मी ती पाहिली. मग शांतपणे सांगितलं, "लिही – फेटणे कमी पडले."

तिने मान खाली घालून समासात लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं.