उलटा गड आणि पाण्याच्या तीन बाटल्या

मी साताऱ्याची, अजिंक्यतारा पायाखालचा. मुलगा नीलेश म्हणाला, "ग्रँड कॅन्यन उतरायचा का?" तेव्हा नऊ वर्षांची नात सई ओरडली, "आजी पण!" सून मंजिरीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी माझं परतीचं विमान. त्याआधी सईबरोबर दरीतल्या सीडर रिज या टप्प्यापर्यंत जायचंच, असं मी मनाशी धरलं.

नीलेशचं टेक्सासमधलं फ्रिस्को म्हणजे पोळपाट, चढ औषधालाही नाही. मग मॉलच्या पार्किंगचे चार मजले रोज चढले-उतरले. नीलेशने गडाच्या हिशेबाने वेळ मांडली: जाताना दोन तास, येताना एक.

"अरे, हा गड उलटा आहे. आधी उतरायचं, मग उन्हात चढायचं. दमलास तरी घर वरच."

हसला, पण आकडे फिरवले. वाटेत पाणी नाही, म्हणून माझा नियम: माणशी तीन बाटल्या. एक उतरताना, दोन चढताना.

गाडीने दोन दिवस लागले. मध्ये अल्बुकर्कीला मोटेल, पन्नास डॉलर. पार्कचा प्रवेश गाडीमागे पस्तीस, आठवडाभर चालतो. उजाडता उजाडता पार्कच्या बसने साउथ कैबाब वाटेच्या तोंडाशी पोचलो आणि तिथेच दशम्या सोडल्या. घामाने मीठ जातं म्हणून सईला लोणचं मीच दोनदा वाढलं.

लाल माती, नागमोडी वाट. खेचरं आली की दरी सोडून डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं. गुडघे शहाण्यासारखे वागले. खाली सीडर रिज दिसू लागला, आणि सईची दुसरी बाटली अर्धी झालेली! लोणच्याने घात केला. तुम्ही आपले खारे दाणेच न्या.

"फिरा मागे," मी म्हटलं.

"आई, दहाच मिनिटं गं! तुझीच तर हौस."

"हौस आहेच रे. खाली दहा, पण वर?"

"आजी, वी आर ऑलमोस्ट देअर!" सईचे डोळे भरले. माझेही.

फिरलो. प्रत्येक वळणावर सावली शोधत, मोजून घोट घेत वर आलो. सईच्या बाटल्यांत मिळून चार घोट उरले होते. चारच.

घरी आल्यावर सईने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, पोचलो नाही, आजीने परत फिरवलं. आवाजात रुसवा नव्हता.

काल बॅग भरताना मंजिरीने माझे चालायचे बूट बाहेर काढले.

"हे नेऊ नका, आई. इथेच राहू देत." आणि सईच्या बुटांशेजारी ठेवले.