लाल पेन्सिलीचा गोल

ताईच्या लग्नाची जागा ऐनवेळी भातकुलीहून नांदगावला हलली, म्हणून ताई आणि मी पत्रिका बदलून घ्यायला अमरावतीच्या छापखान्यात गेलो. तिथल्या कंपोझिटरनं गुणगुणत, दिसेल तिथली भातकुली काढून नांदगाव बसवलं. प्रूफात भातकुलीचा नवरदेवही नांदगावचा झाला. ताई हसत सुटली. कंपोझिटरही हसला. कानावरची लाल पेन्सिल काढून त्यानं नवरदेवाच्या गावाभोवती गोल केला.

"काय बदलाचं ते सोपं असते, बाई. काय नाही बदलाचं, त्याले आधी गोल करा लागते."

लग्नात नवरदेव तांदळाच्या ताटात ताईचं नवं नाव लिहायला बसले. त्यांच्याआधी ताईनंच आपलं नाव लिहिलं आणि भोवती कुंकवाचा गोल काढला. सासरी आजही तिला त्याच नावानं हाक मारतात.