कोऱ्या हाताची मधली

आईला दोन बहिणी. थोरली चौकला दिलेली, धाकटी दहिवलीला, आणि मधली ही आमची आई. थोरल्या मावशीच्या पोटात उजवीकडे गाठ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि ती गेली. काही वर्षांनी धाकटीलाही तेच निघालं. यकृताचा कॅन्सर. झालं! भावकीनं लगेच निकाल लावून टाकला, "रक्तातच हाय यांच्या. आता मधलीचा नंबर." आणि हे आईच्या तोंडावर, मेले! त्या वर्षी आईनं पापड घातलेच नाहीत. म्हणाली, "खायाला मी कुठं असनार?"

राग तर आलाच, पण माझ्या डोक्यात किडाही वळवळायला लागला. मी शाळेत शास्त्र शिकवायची. रक्तातच असतं तर आजी पिकलं पान होऊन कशी गेली? मामा ठणठणीत कसा? बहिणींची लग्नं लहानपणीच झालेली, तेव्हापासून पाणी वेगळं, चूल वेगळी. दारूला तर कुणी शिवलेलं नव्हतं.

धाकट्या मावशीबरोबर मुंबईच्या इस्पितळात राहिले तेव्हा मी तिथल्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं. बिचारे चिडले नाहीत, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, काविळीचा एक विषाणू असतो, तो रक्तातून पसरतो. लहानपणी अंगात शिरला तर वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप राहतो. अलीकडेच कळलंय की तो आपल्या जनुकांचा तुकडा यकृताच्या पेशीतल्या जनुकांमध्ये घुसवतो. त्यानं पेशीची जनुकं बिघडतात, त्यालाच उत्परिवर्तन म्हणायचं. मग एखादी पेशी वाढायला लागते ती थांबतच नाही. मावशीच्या रक्तात तो विषाणू सापडला होता.

"हा बिघाड यकृतात झालेला आहे, आईबापांकडून आलेला नाही," ते म्हणाले. "दोघी बहिणींना कधी एकाच सुईनं टोचलं होतं का?"

"छे हो, त्या काळी खेड्यात कुठलं इंजेक्शन!" म्हणता म्हणता माझं लक्ष मावशीच्या हाताकडे गेलं. हातावर हिरवं तुळशीवृंदावन गोंदलेलं. थोरलीच्या हातावरही हुबेहूब तसंच होतं. अगंबाई!

मी मावशीला विचारलं. तेवढ्या दुखण्यातही तिला हसू आलं. "येकाच दिवशी गोंदलं गं आमी. आधी अक्का, मग मी. आन् तुझी आई? भित्री भागूबाई! सुई बघितली आन् पळाली, भाताचे भारे रचल्याले, त्या उडवीमागं लपली. तवापासून कोऱ्या हाताची म्हनतो तिला."

डॉक्टर म्हणाले, गोंदणानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आईचं रक्त तपासून घेऊ. आई यायलाच तयार नव्हती. जवळजवळ ओढत नेली. निकाल आला तोवर मावशी गेली होती.

आईच्या रक्तात विषाणू नव्हता. मी स्टेशनवरून जवळजवळ पळतच घरी आले. आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. "आई, तुझ्यात काही नाही! तुझा नंबरबिंबर काही नाही!" मला तर तिला पेशी, जनुकं, सगळं सगळं सांगायचं होतं.

तिनं हात थांबवले.

"म्हंजी मी येवढ्यात मरत नाय?"

"नाही गं!"

"आजून लई वर्सं?"

"हो, लई वर्षं!"

तिनं वाल बाजूला सारले. मग बारीक आवाजात म्हणाली, "येकलीनं?"